निकाळे सरांचं ‘बरोबर’

निकाळे सर आता सगळ्यांनाच ‘छान’ म्हणतात. कुणी बेसूर गाओ, कुणी कडवं विसरो, कुणी तबल्याला मागे टाकून एकटाच पुढे पळो, सर डोळे मिटून मान हलवतात आणि म्हणतात, “छान.” नव्या लोकांना वाटतं, काय गोड माणूस आहे हो. जुन्यांना माहीत आहे, हा माणूस कधीच गोड नव्हता. पूर्वी त्यांच्या तोंडून ‘छान’ कुणी ऐकलं असेल तर शपथ.

जयराम निकाळे यांची हायवेवरच्या द्वारका चौकाजवळ टाईपिंगची इन्स्टिट्यूट होती. खाली टायरचं दुकान, बाजूने अरुंद जिना आणि वर एक लांबट खोली. सकाळी सातपासून खोलीत मशिनींचा कडकडाट आणि बाहेर हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न. परीक्षेला बसणारी पोरं-पोरी कागद काढून सरांपुढे धरायची आणि सर लाल पेन्सिलीने चुकांना गोल करायचे. बरोबर असेल तिथे काही नाही. बरोबर असणं हे तुमचं कामच आहे, त्यात कौतुक ते कसलं, असा एकूण खाक्या.

रविवारी मात्र मशिनींवर रेक्झिनची झाकणं पडायची, सतरंजी अंथरली जायची आणि गाण्याचा वर्ग भरायचा. नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला सुरू झालेला. सर स्वतः गात नसत. तरुणपणी ते एका बुवांकडे शिकायला जात होते. बुवांनी एके दिवशी सरळ सांगितलं, “जयराम, तुला गळा नाही. कान आहे. तू ऐकत जा.” दुसरा कुणी असता तर चिडून पेटी विकून मोकळा झाला असता. सरांनी ते शब्दशः मनावर घेतलं आणि जन्मभर ऐकत बसले. वर्गाला येणारे सगळे हौशी. पोस्टातले खैरनार, दोघी-तिघी शाळाबाई, एक मेडिकलवाला. कुणाला भावगीतं, कुणाला भीमगीतं, कुणाला नुसतं आंघोळ करताना गायलं की बरं वाटतं म्हणून. सगळ्यांची इच्छा एकच, की आपलं गाणं जरा सुधारावं. आणि ते सुधारेल तर निकाळे सरांच्या कानामुळे, असा सगळ्यांचा भरवसा.

पहिली एक-दोन वर्षं सरांनी माणसांनाही लाल पेन्सिलच लावली. गाणं संपलं की चुकांचा आकडा सांगायचा. मेडिकलवाल्याला भर वर्गात “सात” म्हणाले. तो गृहस्थ चपला घालून जो गेला तो परत आला नाही. एक बाई तर जिन्यातच रडत बसल्या. तेव्हा सरांच्या बायको, सुलाबाई, सरांना म्हणाल्या, “मशिनीला चूक दाखवली तर मशीन रडत नाही. माणसाला आधी पाणी विचारावं, मग चूक दाखवावी.” सुलाबाईंचं सर सहसा ऐकत नसत. हे ऐकलं.

मग वर्गाचा नियम ठरला. गाणाऱ्याला आधी एक जमलेली गोष्ट सांगायची, खरी जमलेली. नंतर चूक सांगायची, ती एकच, आणि ती घालवायची कशी तेही सांगायचं. हे फक्त सरांनी नाही, सगळ्यांनी सगळ्यांना. गाता गाता मधेच थांबवून कुणाचा पाणउतारा करायचा नाही, त्यासाठी हाताच्या खुणा. सरांनी तळहात खाली दाबला की सूर चढलाय. पोटावर हात ठेवला की श्वास कमी पडतोय. गळ्याला हात लावला की घसा आवळलाय, सोडा. एवढ्या तीन खुणांवर माणसं खरंच सुधारली. खैरनारांसारखा माणूस सुधारला, म्हणजे बघा. आणि एखाद्याचं अगदी चोख उतरलं, तर सर डोळे उघडून म्हणायचे, “बरोबर.” बस. तो शब्द मिळालेला माणूस आठवडाभर तरंगत असायचा.

झुंबरबाई काकड वर्गात आल्या त्या अठ्ठ्याण्णव साली. मखमलाबादच्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, नवरा कधीच गेलेला, मळ्यात स्वतः मेथी-कोथिंबीर-पालक काढायच्या आणि नदीकाठी, गंगेवरच्या बाजारात आणून विकायच्या. आवाज असा की त्यांनी “मेथी घ्या वो” म्हटलं की रामकुंडावरची कबुतरं उडायची, असं शेजारच्या भाजीवाल्या सांगायच्या. गावच्या बायकांच्या भजनात त्या लहानपणापासून, पण कायम झील धरायला. पुढे म्हणणारी दुसरीच कुणीतरी. कारण ठरलेलं, झुंबरचा आवाज दांडगा आहे, मागे भरायला बरा.

“मला एकदा एकटीनं म्हणायचंय सर,” पहिल्याच रविवारी त्यांनी सांगून टाकलं. “पुढं कुणी नको, मागं कुणी नको. माईकपुढं. वर्षाच्या कार्यक्रमाला तुम्ही लोकं म्हणता ना, तसं.”

वर्गाचा कार्यक्रम दर जानेवारीत व्हायचा, महापालिकेच्या एका हॉलमध्ये. त्यात एकट्याने गायला मिळणं ही मोठी गोष्ट होती, आणि सर तयार नसलेल्याला उभंही करत नसत.

“म्हणा काहीतरी,” सर म्हणाले.

झुंबरबाईंनी म्हटलं. खालच्या टायरवाल्याने वर येऊन दारातून डोकावून पाहिलं. पेटी पार लपून गेली. संपल्यावर सर म्हणाले, “शब्द एकदम स्वच्छ आहेत. इतके स्वच्छ शब्द इथे कुणाचे नाहीत. आता चूक. बाई, तुम्ही गात नाही, हाक मारता. सगळा भार घशावर. गळा असा आवळून धरला तर वरचा सूर लागतो, पण तो ओरडल्यासारखा लागतो.” आणि त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला. “हा हात दिसला की घसा सोडायचा. जोर काढून घ्यायचा.”

दुसऱ्या कुणाचा चेहरा पडला असता. झुंबरबाई म्हणाल्या, “असं व्हय. मला आजवर कुणी सांगितलंच नाय वो.”

त्या बाईला सुधारणेची हौस विलक्षण. जुड्या बांधताना, वाफ्याला पाणी देताना त्या स्वतःच्या गळ्याला हात लावून हळू आवाजात म्हणत बसायच्या. बाजारात बसल्या बसल्याही हात गळ्याशी. शेजारणी विचारायच्या, घसा दुखतो का गं. त्या सांगायच्या, “दुखत नाय काही. आमच्या सरांनी सांगितलंय.” दर रविवारी वर्ग सुटताना एकच प्रश्न, “आज काय चुकलं सर?” सर जे सांगतील ते पदराला बांधून न्यायच्या. सरांना असा विद्यार्थी आयुष्यात मिळाला नव्हता. घरी सुलाबाईंना ते म्हणाले, “ही बाई माझ्या कानाचं सार्थक करणार.” एवढं बोलणारा माणूस नव्हता तो.

पण सवय अशी लवकर जाते थोडीच. दीड-दोन वर्षं झाली तरी वरच्या सुरावर झुंबरबाईंचा गळा आवळायचा आणि हाक बाहेर पडायची. सरांचा हात गळ्याशी जायचा. झुंबरबाई हसून मान डोलवायच्या आणि पुन्हा धरायच्या. सरांनी पट्टी उतरवली, पेटीवर खालून गायला लावलं, रोज पहाटे खर्ज लावायला सांगितला. दोघंही हट्टी.

आणि मग दोन हजार सालच्या पावसाळ्याच्या अखेरीला एका रविवारी झुंबरबाई गायल्या आणि सगळा वर्ग त्यांच्याकडे वळून बघायला लागला. वरचा सूर आला, आणि बाईंनी ओरडून तो गाठला नाही. त्याच्या जरा अलीकडेच थांबून, दबक्या, खरबरीत आवाजात त्याला नुसतं शिवल्यासारखं केलं आणि खाली आल्या. आवाजातला सगळा दांडगेपणा गेला होता. सरांचा हात गळ्याकडे निघाला होता, तो अर्ध्यावर थांबला. त्यांनी डोळे उघडले.

“बरोबर,” ते म्हणाले.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. खैरनार खाली जाऊन सगळ्यांसाठी गरम भजी घेऊन आले. झुंबरबाईंनी पदराने डोळे पुसले. “वर जायचं म्हटलं की आताशा आपोआपच खाली येतंय सर,” त्या म्हणाल्या. “जोर लावला तरी लागत नाय.”

“तेच तर शिकायचं होतं,” सर म्हणाले. “जानेवारीत तुम्ही एकट्या गाणार.”

पुढच्या आठवड्यांत आवाज आणखी खाली गेला, आणखी घोगरा झाला. आणि सर खूश होत गेले. कार्यक्रमासाठी त्यांनी गाणंच बदललं, या आवाजाला शोभेल असं संथ, खालच्या पट्टीतलं निवडलं. कुणी म्हणालं, बाईंचा घसा बसलाय का हो? तर दुसरं कुणी म्हणालं, अहो बाजारात ओरडणाऱ्या माणसाचा घसा बसणारच. तिसरं म्हणालं, रियाजाने येतो असा भारदस्तपणा. प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. गाणाऱ्यांचा वर्ग तो. आवाजात काही वेगळं झालं की ते गाण्यामुळेच झालं, याच्यापलीकडे कुणाचं डोकं चालत नव्हतं.

झुंबरबाईंचा मुलगा कुंदन पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या पॅकहाऊसवर टेम्पो चालवायचा. दिवाळीला घरी आला तसा तो पाय वाजवत इन्स्टिट्यूटचा जिना चढून वर आला. “सर, मी एसटीडीवरून शेजारच्यांकडं फोन केला, तर आईचा आवाज मला वळखूच आला नाय. डॉक्टरला दाखवू म्हणतो, तर ती म्हणते सरांना विचार.”

आता इथे सर एवढंच म्हणाले असते, की दाखव बाबा, तर पुढचं काहीच लिहायला नको होतं. पण सरांना कार्यक्रम दिसत होता. त्यांना त्यांची दोन वर्षांची मेहनत दिसत होती. ते म्हणाले, “गाण्याने आवाज बदलतोच. आणि डॉक्टर काय सांगणार, बोलू नका, गाऊ नका. कार्यक्रम होऊ दे, मग खुशाल दाखव. तोवर बाजारात ओरडणं बंद कर म्हणावं. ज्येष्ठमध चघळायला दे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.” कुंदनने बिचाऱ्याने मान डोलवली. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर तो काय बोलणार.

कार्यक्रम झाला. झुंबरबाई निळं लुगडं नेसून माईकपुढे उभ्या राहिल्या. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. गायल्या तेव्हा हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. एवढ्या गावरान बाईच्या गळ्यात एवढं दुःख कुठून आलं, असं लोक एकमेकांना विचारत होते. संपल्यावर टाळ्या थांबेनात. विंगेत सर उभे होते. झुंबरबाई त्यांच्याजवळ आल्या आणि नेहमीसारखंच म्हणाल्या, “काय चुकलं सर?”

“काही नाही,” सर म्हणाले. “एकसुद्धा चूक नाही.”

संक्रांतीनंतर झुंबरबाईंना भाकरी गिळता येईना. कुंदन त्यांना घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, आणि आईला सरांशिवाय कुणाचं पटत नाही म्हणून सरांनाही सोबत नेलं. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. तंबाखूची मिश्री लावता का, विचारलं. झुंबरबाई म्हणाल्या, लावते की, लग्नाच्या आधीपासून. तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर पुन्हा सगळे त्याच खोलीत बसले. कॅन्सर स्वरयंत्राचा होता आणि बराच पसरला होता.

“आवाज इतके महिने बसलेला,” डॉक्टर म्हणाले. “पावसाळ्यातच आला असता तर नुसते रेडिएशनचे शेक देऊन भागलं असतं, आवाजही राहिला असता. बाई, तुमच्या कुणी लक्षात आणून दिलं नाही का, की आवाजात काहीतरी बिघडलंय?”

“दिलं ना,” झुंबरबाई लगबगीने म्हणाल्या. कुणाला वाटू नये की आपल्याला विचारणारं कुणी नाही. “हे आमचे सर. दर रविवारी सांगायचे. घसा सोडा म्हणून.”

डॉक्टरांनी सरांकडे पाहिलं. सर डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. कुंदन त्यांना यावरून कधीच काही बोलला नाही. बोलला असता तर सरांना बरं वाटलं असतं.

मुंबईला ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढून टाकलं आणि गळ्याला खाली एक भोक ठेवलं, श्वास घ्यायला. बाई वाचल्या. आवाज गेला तो गेला.

सरांकडे वर्गाच्या कॅसेटी होत्या. माणसाला त्याचं गाणं त्याच्याच कानांनी ऐकवावं म्हणून ते दर रविवारी टेप लावत. एका दुपारी मशिनी झाकून ते एकटेच बसले आणि झुंबरबाईंच्या सगळ्या कॅसेटी ओळीने ऐकल्या. भजी आणली त्या रविवारच्याही आधी, उन्हाळ्यातच, आवाजात एक घरघर होती. दर कॅसेटीला ती वाढत होती. लहान मुलालासुद्धा ऐकू आली असती. ज्या कानासाठी बुवांनी त्यांना गाणं सोडायला लावलं, त्या कानाने त्या घरघरीला ‘बरोबर’ म्हटलं होतं.

नंतर काही महिने सरांना प्रत्येक आवाजात रोग ऐकू यायला लागला. खैरनार जरा खाकरले की सर पेटी थांबवायचे. “डॉक्टरला दाखवा.” शाळाबाईंचा सूर हलला, “डॉक्टरला दाखवा.” खैरनार दोनदा तपासून आले, दोन्ही वेळा काही निघालं नाही. तिसऱ्या वेळी ते वैतागून म्हणाले, “सर, मी इथे गायला येतो. मरायला नाही.” लोक हसले. सर त्या दिवसापासून गप्प झाले. कोणती चूक गाण्याची आणि कोणती शरीराची, हे त्यांना कळेनासं झालं होतं, आणि चुकीचं बोट दाखवण्यापेक्षा न दाखवलेलं बरं, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. खुणा बंद झाल्या. जमलेली एक गोष्ट, चुकलेली एक गोष्ट, तेही बंद. कुणीही गायलं की “छान.”

वर्ग हळूहळू विरळ झाला. इन्स्टिट्यूटमध्ये पोरं येईनाशी झाली, सगळी कॉम्प्युटरच्या क्लासला. मशिनींवरची झाकणं आता आठवडाभर तशीच असायची. पण रविवारी तीन-चार जण तरी यायचे, आणि त्यांच्यात झुंबरबाई यायच्या. कुंदन मोटारसायकलवरून आणून सोडायचा. “घरी बसवत नाय तिला,” एवढंच म्हणायचा. गळ्याभोवती सुती रुमाल, हातात टाळ. भजनातले आपलेच टाळ. त्या ठेका धरायच्या. गाणं संपलं की सरांकडे बघायच्या. सर म्हणायचे, “छान,” आणि झुंबरबाई खाली बघायच्या.

दोन हजार सात साली पायल नावाची मुलगी यायला लागली. पंचवटीतली, कॉलेजात शिकणारी. टीव्हीवर तेव्हा गाण्याच्या स्पर्धांचं पेव फुटलं होतं, आणि पायलला मुंबईत एका स्पर्धेच्या निवडचाचणीला जायचं होतं. तिच्या वडिलांनी रजा काढली होती, सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं. जायच्या आधीच्या रविवारी ती सीडीवरचा ट्रॅक लावून वर्गात गायली. गोड गळा होता पोरीचा. पण वरचा सूर आला की मान ताठ, शिरा फुगलेल्या, घसा आवळून नुसती हाक. अगदी तशीच, जशी अठ्ठ्याण्णव साली या खोलीत ऐकू आली होती.

“सर, खरं सांगा,” गाणं संपल्यावर पायल म्हणाली. “काय चुकलं? घरचे सगळे मस्तच म्हणतात. मला खरं सांगणारं कुणी नाही.”

सरांनी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं. पोरीची सवय अजून मुरलेली नव्हती, आठवड्याभरात सुधारता येईल एवढीशी चूक होती, कशी घालवायची तेही त्यांना पाठ होतं. ते म्हणाले, “छान.”

टाळ खाली ठेवल्याचा आवाज झाला. झुंबरबाईंनी पायलकडे पाहिलं आणि आपला हात गळ्याला लावला. रुमालावर, बरोबर त्या भोकावर. पायलला काही कळेना म्हणून त्यांनी हात काढून पुन्हा लावला, आणि बोटं सैल सोडून दाखवली. सरांनी खुणा बंद केल्यापासून त्या खोलीत ती खूण कुणी केली नव्हती. पायलला ती माहीतच नव्हती.

“अगंबाई, आजींना त्रास होतोय,” पायल घाबरून म्हणाली. “घसा दुखतोय त्यांचा.” आणि ती धावत माठाकडे गेली.

झुंबरबाई मान हलवत राहिल्या, नाही, नाही. मग त्या सरांकडे वळल्या. हात तसाच गळ्याशी. या खोलीत ती खूण वाचणारा आता एकच माणूस होता. सांगा तिला, एवढंच त्या म्हणत होत्या. सरांना ते स्वच्छ कळलं. त्यांचं तोंड उघडलं, आणि आपण आता काय बोलू याची त्यांना इतकी भीती वाटली की त्यांनी ते मिटलं.

पायल पाण्याचा ग्लास घेऊन आली. सरांनी तो तिच्या हातातून घेतला आणि झुंबरबाईंपुढे धरला.

“पाणी घ्या, झुंबरबाई,” ते म्हणाले. आणि पायलकडे न बघता म्हणाले, “जा तू मुंबईला. छान गातेस.”

झुंबरबाईंनी हात खाली घेतला. त्यांना तहान लागली नव्हती. त्यांनी सरांच्या हातातून ग्लास घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.